गोल मारतो म्हणून माफ?

इंग्लंडच्या वेस्ट हॅम या फुटबॉल क्लबच्या कुर्त झुमाने घरच्या मांजराला लाथ घातल्याचा, चापट्या मारल्याचा व्हिडिओ फेब्रुवारी २०२२ मध्ये जगभर फिरला. तो ताजा असतानाच, ८ फेब्रुवारीला, वॉटफर्डविरुद्ध झुमा पहिल्या अकरांत होता. चेंडू त्याच्या पायाशी आला की स्टेडियम हुर्यो करत होतं, आणि त्यात वेस्ट हॅमचे स्वतःचे प्रेक्षकही होते. सामना जिंकायचा तर सर्वोत्तम संघ उतरवायला हवा, असं प्रशिक्षक डेव्हिड मॉइज यांचं म्हणणं. वेस्ट हॅम १-० ने जिंकलं. पुढे क्लबने त्याचा दोन आठवड्यांचा पगार दंड म्हणून कापून प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांना दिला. जूनमध्ये कोर्टाने १८० तासांची समाजसेवा आणि पाच वर्षं मांजर पाळायला बंदी, अशी शिक्षा दिली.

मॉइज यांचं ते म्हणणं माझ्या डोक्यातून गेलं नाही, कारण जवळपास तेच मी आमच्या क्लबच्या बैठकीत मालवणीत ऐकलं. "तेका भायर ठेवलास तर गोल कोण मारतलो?"

मी वेंगुर्ल्याच्या बाजूला एका छोट्या क्लबचा खजिनदार आहे. भाताची कापणी झाली की चार-पाच कुणग्यांच्या, म्हणजे भातशेताच्या तुकड्यांच्या, मेरा (बांध) सपाट करून आमचं मैदान तयार होतं. मग रात्रीच्या सेव्हन-अ-साइड स्पर्धा सुरू होतात, थेट सावंतवाडी-बांद्यापर्यंत. आमचा नऊ नंबर, म्हणजे गोल मारणारा पुढचा खेळाडू, गोव्यात वेर्ण्याला कारखान्यात कामाला. शनिवारी ड्युटी संपली की मोटरसायकलने पत्रादेवीची हद्द ओलांडून यायचा, पेट्रोलचे पैसे क्लब द्यायचा. डाव्या पायाने असा खेळाडू आमच्याकडे दुसरा झालेला नाही. त्याने एका मुलीचे, जिच्याशी त्याचं आधी जमलं होतं आणि नंतर मोडलं, खासगी फोटो पाठवले. आणि कुठे, तर आमच्या संघाच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर. थोड्या वेळाने डिलीट केले, पण तोवर ते निम्म्या गावाने पाहिले होते. विचारल्यावर म्हणाला, मस्करी होती. मुलीच्या घरच्यांनी पोलिसांत तक्रार दिली.

बैठक क्लबच्या पडवीत झाली. प्रायोजकांचं म्हणणं, पोलीस काय ते बघतील, आपण कोर्ट नव्हे. एक ज्येष्ठ सभासद, ज्यांनी मला गोलकीपिंग शिकवलं, ते म्हणाले, "मैदानाभायरचां मैदानाभायर ऱ्हवांदे." हे वाक्य कोणी दुष्टपणाने म्हणत नाही. खेळाने किती पोरांना दारूपासून आणि रिकामटेकडेपणापासून सोडवलंय हे त्या काकांनी डोळ्यांनी पाहिलंय, त्या पोराला तोडून टाकलं तर तो आणखी बिघडेल अशी त्यांची खरीखुरी भीती होती. मी त्यांना उलट उत्तर दिलं नाही. पण मत त्यांच्या विरुद्ध दिलं.

कारण त्या मुलीचा धाकटा भाऊ आमच्याच चौदा वर्षांखालच्या संघात खेळतो. सराव सुरू व्हायच्या आधी येऊन चेंडूंत हवा भरायची हे त्याने स्वतःहून अंगावर घेतलेलं काम. पंपाची सुई थुंकीने ओली करायची, चेंडू गुडघ्यांत धरायचा, अंगठ्याने दाबून बघायचा, मग पुढचा. मोठ्यांच्या चेंडूंत जरा जास्त हवा, छोट्यांच्या कमी, हेही त्याचं त्यानेच ठरवलेलं. त्या आठवड्यात तो आला, सगळे चेंडू भरले, पंप माझ्या हातात दिला आणि खाली बघून म्हणाला, "काका, तो येतलो तर मी येवचंय नाय."

मैदानाबाहेरचं मैदानाबाहेर राहू दे म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं होतं, की या पोरासाठी मैदानाचं बाहेर कुठे सुरू होतं? गावात पाणी भरायचा नळ, बसस्टॉप, देवळातली पालखी आणि मैदान, सगळीकडे माणसं तीच. आपण नऊ नंबरला खेळवलं असतं तर त्या मुलीच्या भावाला घालवलं असतं. वगळायचं की नाही असा प्रश्न क्लबपुढे असतो तेव्हा बहुतेक वेळा कोणीतरी जाणारच असतं. ते कोण, एवढंच क्लबच्या हातात असतं.

स्कॉटलंडमधल्या किर्कॉल्डी या गावाच्या रेथ रोव्हर्सचं प्रकरण मला म्हणून फार जवळचं वाटतं. डेव्हिड गुडविली या खेळाडूने बलात्कार केल्याचा निर्णय २०१७ मध्ये दिवाणी कोर्टाने दिला होता. फौजदारी खटला झाला नव्हता. रेथ रोव्हर्सने जानेवारी २०२२ च्या अखेरीस त्याला करारबद्ध केलं. काही दिवसांत महिला संघाच्या कर्णधाराने क्लब सोडला आणि शर्टावर जिचं नाव छापलं होतं त्या लेखिकेने प्रायोजकत्व काढून घेतलं. मग क्लबने माफी मागितली आणि तो आपल्याकडून खेळणार नाही असं जाहीर केलं. करार करताना त्यांनी फुटबॉलचा विचार केला होता, पण आपल्याच मैदानावर सराव करणाऱ्या बायकांचा केला नव्हता. मोठ्या क्लबकडे पीआर खाती असतात, वकील असतात. छोट्या गावच्या क्लबकडे फक्त माणसं असतात, आणि ती एकदा गेली की परत येत नाहीत.

आता दुसरी बाजू, आणि ती मला खरंच छळते. मँचेस्टर सिटीचा बेंजामिन मेंडी. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच्यावर बलात्काराचे आरोप ठेवले गेले, सिटीने त्याला निलंबित केलं आणि सप्टेंबरपासून पगार बंद केला. २०२३ मध्ये दोन खटल्यांत मिळून तो सगळ्या आरोपांतून निर्दोष सुटला. तोपर्यंत त्याचा सिटीबरोबरचा करारच संपला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये लवादाने सांगितलं, थकलेल्या पगारातला बराचसा भाग त्याला मिळायला हवा. वेल्सचा फुटबॉलपटू चेड एव्हान्स याची तर बलात्काराची दोषसिद्धीच उलटली. २०१२ मध्ये शिक्षा, २०१६ मध्ये ती रद्द, मग फेरखटल्यात निर्दोष. हे वाचून "आरोप झाला की हाकला" असं मला म्हणवत नाही.

माझं मत असं झालंय: खेळवणं थांबवणं आणि शिक्षा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि क्लब त्यांची गल्लत करतात. गंभीर आरोप रीतसर दाखल झाला, किंवा क्लबने स्वतःच्या डोळ्यांनी प्रकार पाहिला, तर त्या खेळाडूला सामन्यापासून आणि ड्रेसिंग रूमपासून लांब ठेवायचं. पण पगार चालू ठेवायचा, वैद्यकीय मदत चालू ठेवायची, वेगळा सराव करू द्यायचा. निर्दोष सुटला तर त्याचं फार तर काही सामन्यांचं नुकसान झालेलं असेल. पोट मारलेलं नसेल. आमच्याकडे पगार नसतो, पेट्रोल असतं. आम्ही त्याला स्पर्धेतून बाहेर ठेवलं आणि सकाळी एकट्याने सराव करायला मैदानाची परवानगी दिली. तो एकदाही आला नाही.

आम्हाला पुरावा शोधायला जावं लागलं नाही, फोटो आमच्याच ग्रुपवर आले होते. सगळ्या क्लबचं असं नसतं, हे मान्य.

पण ज्याने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते मेसन ग्रीनवुडचं प्रकरण. जानेवारी २०२२ मध्ये बलात्कार आणि मारहाणीच्या संशयावरून अटक, फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारी वकिलांनी आरोप मागे घेतले, मग मँचेस्टर युनायटेडची स्वतःची सहा महिन्यांची चौकशी. ऑगस्ट २०२३ च्या निवेदनात क्लबने म्हटलं की त्याच्यावर ठेवलेले गुन्हे त्याने केलेले नाहीत असा आपला निष्कर्ष आहे, आणि त्याच निवेदनात असंही, की त्याने आपली कारकीर्द दुसरीकडे सुरू करावी. आधी स्पेनच्या गेटाफेला उसना दिला, २०२४ मध्ये फ्रान्सच्या मार्सेलला विकला. मी ते निवेदन पुन्हा पुन्हा वाचलं. निष्कर्ष खरा असेल तर बाहेर का काढलं? खोटा असेल तर तो लिहिला का? कुठल्या नियमाने काय ठरलं, हे मला त्यात कुठेच सापडलं नाही. लोक ओरडतील तिकडे वळायचं, आणि लोक गप्प बसले तर खेळवायचं, याला मी न्याय म्हणणार नाही.

म्हणून नियम आधी लिहायला हवेत. कोण सापडलाय हे माहीत नसताना. मोसमाच्या सुरुवातीला, सगळ्यांच्या सह्या घेऊन, नऊ नंबरला आणि राखीव खेळाडूला एकच कलम. आणि फक्त खेळाडूंना नाही. २०२४ मध्ये इथे जवळच, गोव्यात, इंडियन विमेन्स लीगच्या दुसऱ्या विभागाचे सामने चालू असताना हिमाचलच्या संघातल्या दोन मुलींनी तक्रार केली की फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीच्या एका सदस्यानेच खोलीत घुसून त्यांना मारहाण केली. म्हापसा पोलिसांनी त्याला अटक केली, महासंघाने निलंबित केलं. त्या दोघी बोलल्या म्हणून ते कळलं. आमच्या कलमांत प्रशिक्षक, पदाधिकारी आणि खजिनदार, सगळे येतात.

उपांत्य फेरीत आम्ही पेनल्टीवर हरलो. प्रायोजकांनी या वर्षी निम्मेच पैसे दिलेत. मुलगा चेंडूंत हवा भरतोय.

एक कलम अजून रिकामं आहे: परत कधी घ्यायचं. कायमचं दार बंद करायला माझा विरोध आहे. तेविसाव्या वर्षी केलेल्या गोष्टीसाठी चाळिशीपर्यंत कोणाला मैदानाच्या कडेला उभं ठेवू नये. पण पोलीस प्रकरण मिटलं, एवढ्यावर त्याने थेट जर्सी चढवावी हेही मला मान्य नाही. त्याने कमिटीसमोर केलं ते कबूल करावं, आणि त्याला घेण्याआधी आपल्यापैकी दोघांनी त्या मुलीच्या घरी जाऊन तिला विचारावं, हे मी सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. मला गोलकीपिंग शिकवणारे ते काका विरोध करणार, त्यांनी तसं सांगितलंय. दोघांपैकी एक म्हणून मी त्यांचंच नाव सुचवणार आहे.