तुम्ही विचारलंत म्हणून: प्रोग्रामला एवढी जागा कशाला?

टिपणांत प्रोग्राम छापताना ओळी अशा मागेपुढे का, अक्षरे टाइपरायटरची का, असे सहकारी विचारतात. समासाला लावून घेतले तर दोन पाने वाचतील, हे छापखान्याकडून दरवर्षी ऐकतो. आता एकदाच लिहून टाकतो.

प्राथमिक शाळा मराठीतून झालेल्या गोव्यातल्या डिचोली-साखळीकडच्या मुलांसाठी मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ही टिपणे काढतो. मी स्वतः सी ही भाषा शिकलो. तिथे महिरपी कंस जागेवर असले की ओळ कुठूनही सुरू करा, प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर कुरकुरत नाही. म्हणून मांडणी ही सजावट, असे मी वर्गात बिनदिक्कत सांगत असे. सीपुरते ते आजही खोटे नाही. पायथनमध्ये मात्र ओळीआधीची मोकळी जागा हाच कंस.

एका वर्षी मूळ संख्या ओळखणारे फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा छोटा तुकडा, टिपणांत होते. लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींत, 2 पासून एकेका संख्येने भागून पाहायचे, निःशेष भाग गेला की ‘फॉल्स’ म्हणजे नाही, आणि लूप संपल्यावर, त्याच्या बाहेर, ‘रिटर्न ट्रू’ म्हणजे उत्तर होय. डीटीपी करणाऱ्याला ही शेवटची ओळ डावीकडे घसरलेली वाटली आणि त्याने ती सद्हेतूने वरच्या ‘इफ’च्या रेषेत, म्हणजे लूपच्या आत, नीट लावली. प्रूफ मीच वाचले होते. प्रोग्राम चालत होता: 7 ला होय, 10 ला नाही. मग पेडण्याची एक मुलगी आली. “सर, नऊ ही मूळ संख्या?” 2 ने भाग जात नाही एवढे पाहून, 3 पर्यंत न पोहोचताच, फंक्शन होय म्हणत होते. टिपण न उघडताच मी तिला टाइप करताना चुकलीस म्हणालो आणि दोन गुण कापले. तिने स्पेस मोजून उतरवले होते. आठवड्याने दुसऱ्याने 15 आणल्यावर मी पान पाहिले. गुण परत दिले, पण वर्गात ‘छपाईची चूक’ असेच म्हणालो. आता लिहितानाही आधी तोच शब्द सुचला.

तेव्हापासून सारख्या रुंदीची अक्षरे, टॅबऐवजी 4 स्पेस, वळणदार अवतरणचिन्हांऐवजी सरळ, आणि प्रूफावरून प्रोग्राम पुन्हा टाइप करून चालवणे. पायथनच्या 2001 च्या ‘पेप 8’ या शैलीनियमात ओळीला 79 अक्षरांची मर्यादा आहे. माझ्या पानावर 60 च मावतात, म्हणून व्हेरिएबलची नावे आखडतो, आणि मग मुले त्यांचा अर्थ विचारत बसतात. ओळींना क्रमांक द्यावेत का, हेही ठरलेले नाही: दिले तर ‘सातवी ओळ पाहा’ म्हणता येते, पण काहीजण क्रमांकही टाइप करतात. दोन पाने वाचवायचीच असतील, तर माझी प्रस्तावना काढा.