भंगारातली शेगडी

टाकून दिलेली गॅसची शेगडी मेलेली क्वचितच असते. बहुतेक वेळा तिचा नुसता घसा बसलेला असतो. पण भंगारवाल्याच्या काट्यावर ती पत्र्याच्या भावानं मोजली जाते, कारण पितळी बर्नर त्यानं आधीच काढून वेगळ्या पोत्यात टाकलेले असतात. 2019च्या महापुरानंतर सांगलीत रस्त्याच्या कडेला घरोघरचे संसार चिखलासकट येऊन पडले, त्यात शेगड्याही होत्या. पितळेला पाण्यानं फारसं काही होत नाही. कृष्णेचा गाळ मात्र बर्नरखालच्या नळीत वाळला की सिमेंटसारखा बसतो.

शेगडी उचलण्याआधी उलटी करून बघावी. दोन्ही कॉकना, म्हणजे नॉबमागच्या गॅसच्या तोट्यांना, जोडणारा मधला गॅसपाइप गंजून त्याचे पापुद्रे निघत असतील, तर ती तिथंच ठेवावी. काचेची असेल आणि काचेचा कोपरा उडालेला असेल, तरी ठेवावी. तसली काच पुढं कधी फुटेल याचा नेम नसतो. बाकी सगळं मिळतं. सांगलीच्या गणपती पेठेत बर्नर, जेट (बर्नरच्या नळीत गॅस सोडणारं बारीक तोंड), कॉक, नॉब, जाळी, खालचे रबरी बूट, सगळं सुटं मागता येतं. जुना नग खिशात घेऊन जावं, एवढंच. ‘सगळ्यांना बसतो’ असं सांगून विकलेला नॉब सहसा कुणालाच नीट बसत नाही.

खरा जीव कॉकमध्ये. नॉब ओढून काढला की दोन स्क्रू दिसतात, ते सोडवले की पट्टी, दांडी, स्प्रिंग आणि त्याखाली निमुळता पितळी खुंटा. खुंट्याच्या पोटाला भोक असतं. तो फिरून भोक वाटेसमोर आलं की गॅस सुटतो. ग्रीस वाळलं की नॉब घट्ट होतो, मग पक्कड लागते, मग नॉब तुटतो आणि शेगडी माळ्यावर जाते. इथं लागतं तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस, तेही गॅस कॉकचं, उष्णता सोसणारं. गाडीचं ग्रीस तापून पातळ होतं आणि भोकात उतरून बसतं. दोन कॉकचे खुंटे एकमेकांत बदलू नयेत. प्रत्येक खुंटा आपापल्या घरात घासून बसवलेला असतो. खुंट्यावर ओरखडा दिसला तर ग्रीसनं भागवू नये, सरळ नवा कॉक घ्यावा.

जेटचं भोक एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. ते साफ करायला बारीक पिन मिळते, पण घराघरात हात जातो तो सुईकडं, आणि काही ठिकाणी तर दाभणाकडं. भोक केसभर जरी मोठं झालं तरी गॅस जास्त सुटतो, हवा कमी पडते, ज्योत पिवळी होते आणि भांड्यांची बुडं काळी. मोठ्या आणि छोट्या बर्नरचे जेट वेगळे, तेही आपापल्या जागी राहिलेले बरे. पुण्याकडून आलेली शेगडी पाइपच्या गॅसची असेल, तर तिचे जेट सिलिंडरसाठी फार मोठे असतात. ते बदलल्याशिवाय काडी लावू नये.

आपल्याकडं बर्नरचा मोठा शत्रू म्हणजे शाळूचं पीठ. भाकरी आचेवर फुगवताना ते झडतं, वर दूध उतू जातं, आणि दोन्ही मिळून भोकांत खळ तयार होते. पितळी टोपी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून रात्रभर भिजवावी, सकाळी चिंचेनं घासावी. खालचा भाग ॲल्युमिनियमचा असेल तर सोड्यात घालू नये. काळा पडतो आणि खाल्ला जातो. नळीत बाटली घासायचा ब्रश फिरवावा. आत कोळ्याचं जाळं असलं तरी हवा अडते. मग दिवसभर उन्हात. नळीत पाणी राहिलं तर ज्योत फुरफुरते.

भोकं झिजून मोठी झालेली टोपी स्वच्छ करून उपयोग नाही. बारीक आचेवर ज्योत आत ओढली जाते, फट् आवाज होतो आणि गॅस खाली जेटच्या तोंडाशी जळू लागतो. नॉब लगेच बंद करावा आणि टोपी बदलावी.

जोडताना जेटचं तोंड बर्नरच्या नळीच्या अगदी मधोमध यायला हवं. सिलिंडरपासून येणारी रबरी नळी नवीनच घ्यावी, सुरक्षा होज, दीड मीटरच्या आतली. तिच्यावर छापलेली तारीख बघून पाच वर्षांनी पुन्हा बदलावी. दोन्ही नॉब बंद ठेवून रेग्युलेटर सुरू करायचा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावायचा. एखादा बुडबुडा सावकाश फुगत असेल, तर सांधा गळतोय. काडी ओढून गळती शोधणारे शूर लोक अजून आहेत. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो पायाशी साचतो आणि काडीची वाट बघतो.

पहिली पाच मिनिटं उरलेल्या तेलकटपणाचा वास येईल, ज्योतीत पिवळ्या रेघा दिसतील. त्या गेल्या आणि तळाशी निळे कोंब एकसारखे उभे राहिले, की तवा ठेवायला हरकत नाही. जुनी रबरी नळी तेवढी मधोमध कापून फेकावी. अख्खी फेकली तर भंगारातून ती पुन्हा कुणाच्या तरी शेगडीला लागते.