सम रकान्यातली गावं

स्पर्धेसाठी आलेले नकाशे तपासणं हे माझं काम. त्या दिवशी ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ या षटकोनी घरांवर आळीपाळीने खेळायच्या संगणकीय युद्धखेळाचा दोघांचा नकाशा तक्रारीसकट आला: दुसरी बाजू कायम मागे पडते. बनवणाऱ्याचं म्हणणं, नकाशा १८० अंशांत फिरवलाय, दोघांना आठ-आठ गावं, किल्ल्यापासूनच्या अंतरांची बेरीजही सारखी. बेरीज करून पाहिली. खरंच सारखी होती.

अशा वेळी लोक पाच-दहा डाव खेळून निकाल देतात, त्याला काही अर्थ नाही. मोकळ्या गवतावरच्या भालेकऱ्याला (हा खेळातला साधा शिपाई) वार लागायची शक्यता ६० टक्के, गावात ४०. एवढ्या नशिबात एका घराचा फरक कुठे दिसणार? म्हणून आधी चाली मोजायच्या.

वेस्नॉथचा नकाशा म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली साधी फाइल, स्प्रेडशीटमध्ये सरळ उघडते. (चहूकडे एक घर जादा किनार असते, ती सोडून आकडे लावायचे.) हा २९ रकाने, २४ ओळींचा. किल्ले ९,७ (आधी रकाना, मग ओळ) आणि २१,१८ वर, म्हणजे बरोबर. पहिल्याचं किल्ल्यामागचं गाव ८,२ वर, दुसऱ्याचं मात्र २२,२३ वर. ते २२,२२ वर हवं.

षटकोनी घरांच्या या मांडणीत सम रकाने अर्धं घर खाली सरकलेले असतात. त्यामुळे फिरवताना विषम रकान्यात २५ मधून ओळ वजा करायची आणि सम रकान्यात २४ मधून. इथे सरसकट २५ धरले होते. त्याने तटबंदीही विस्कटली असणार, पण ती डोळ्यांत खुपते, म्हणून हाताने नीट करून घेतलेली. गावं तशीच राहिली. मागची एक घर लांब गेली, पुढची एक घर जवळ आली आणि बेरीज जुळली.

भालेकरी फेरीला पाच चाली चालतो. गवताला एक, टेकडीला दोन. वाटेतली टेकडी धरून पहिल्याचं मागचं गाव किल्ल्याच्या तटापासून (शिपाई तिथेच भरती होतात) बरोबर पाचांत येतं: पहिल्या फेरीत भरती, दुसरीत गाव ताब्यात. दुसऱ्याला लागतात सहा, म्हणजे तिसरी फेरी. पुढचं गाव सातावरून सहावर आलं खरं, पण चालायला तरीही दोनच फेऱ्या लागतात. फायदा शून्य. गाव फेरीला दोन सोनं देतं आणि पहिल्या पातळीच्या एका शिपायाचा पगार उचलतं, तेव्हा तोटा फार तर तीन. तो सोसवतो. शिपाई आघाडीवर फेरीभर उशिरा पोचतो, ते जड जातं. खेळात दर फेरीला दिवसाची वेळ पुढे सरकते; पहाटे सुरू झालेल्या डावात चौथी फेरी संध्याकाळ, पाचवी रात्र. रात्री ऑर्क या राक्षसी जमातीचा मारा २५ टक्क्यांनी वाढतो आणि भालेकऱ्याचा तेवढाच घटतो.

दुसऱ्याला थोडं सोनं जादा द्या, असंही सुचवलं गेलं. ‘गो’ या पटावरच्या खेळात जपानी नियमांनुसार मागून खेळणाऱ्या पांढऱ्याला साडेसहा गुण भरपाई मिळते, पण तिथे शेवटी गुणच मोजतात. इथे हुकलेली फेरी सोन्याने परत येत नाही. सम रकाने २४ धरून पुन्हा उतरवले, मग चार चालींच्या बुटक्या योद्ध्याने तपासलं. त्याला टेकडीही एकाच चालीत पार होते, त्यामुळे दोन्हीकडे तो चारांतच पोचतो.

आधी खेळायला मिळण्याचा फायदा नकाशाने जात नाही. त्यासाठी सुरुवातीची वेळ नशिबावर सोडली आणि प्रत्येक जोडीला बाजू बदलून दोन डाव ठेवले.