४१९८७७४व्या बाइटवरची नोंद

आमच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीच्या रिलीज बिल्डची (वापरासाठी वेगवान केलेल्या आवृत्तीची) लॉग फाइल उघडली, तर आत दोनच नोंदी. अगदी पहिली आणि अगदी शेवटची. मधल्या शेकडो गायब. फाइलची लांबी दाखवणारं 'एलएस' चार एमबी सांगत होतं, डिस्कवर खरोखर व्यापलेली जागा दाखवणारं 'डीयू' मात्र फक्त आठ केबी. चुका शोधण्यासाठीच्या डीबग बिल्डमध्ये सगळ्या नोंदी जागच्या जागी.

ही लायब्ररी लिनक्सवर, एक्स८६-६४ मशीनवर, सी लायब्ररीचा आधार न घेता चालते. त्यामुळे तिचं लिहिण्याचं फंक्शन इनलाइन असेंब्लीतून (कोडमध्येच लिहिलेल्या प्रोसेसरच्या सूचनांतून) थेट कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, हाक मारतं: दिलेल्या जागी लिहिणाऱ्या पीराइट६४चा क्रमांक १८ आरएएक्स या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात), फाइलमधला ऑफसेट (सुरुवातीपासूनचं अंतर) आर१०मध्ये, मग कर्नलकडे नेणारी 'सिसकॉल' ही इन्स्ट्रक्शन.

कर्नलला गेलेल्या हाका दाखवणारा एसट्रेस लावला. ६४ बाइटची पहिली नोंद ऑफसेट ० वर, दुसरी ४१९८७७४ वर. तिसरीही तिथेच, चौथीही तिथेच! प्रत्येक नोंद आधीची पुसत होती. कुठून आला हा आकडा? त्यातून एका नोंदीचे ६४ वजा केले आणि उरलेलं हेक्समध्ये (१६च्या पायावर) मांडलं: ४०११३६. हा ऑफसेट नव्हेच, हा तर कोडमधला पत्ता. प्रोग्रॅममधल्या इन्स्ट्रक्शन पत्त्यांसह दाखवणाऱ्या ऑब्जडंपमध्ये शोधला, तर 'सिसकॉल'च्या लगेच पुढची इन्स्ट्रक्शन तिथे बसलेली. अंगावर काटा आला.

'सिसकॉल' चालताना प्रोसेसर परतीचा पत्ता आरसीएक्स या रजिस्टरमध्ये आणि फ्लॅग्ज (स्वतःच्या स्थितीच्या खुणा) आर११मध्ये ठेवतो, आधीचं जे असेल त्याच्यावरच. साध्या फंक्शनला चौथा आर्ग्युमेंट आरसीएक्समधून जातो, कर्नलला आर१०मधून, तो याचसाठी. लायब्ररी लिहिणाऱ्याला आर१०चं माहीत होतं, पण क्लॉबर यादीत, म्हणजे असेंब्ली काय काय बदलते हे कंपायलरला सांगणाऱ्या यादीत, त्याने फक्त 'मेमरी' लिहिलं होतं. कंपायलर असेंब्लीच्या आत डोकावत नाही. यादीत जे लिहिलंय तेवढ्यावरच त्याचा भरवसा. रिलीज बिल्डच्या ओ-टू या वेग वाढवणाऱ्या पातळीवर त्याने फंक्शनचा कोड लूपमध्येच उतरवला आणि ऑफसेट निर्धास्तपणे आरसीएक्समध्ये ठेवला. डीबगमध्ये तोच ऑफसेट स्टॅकवर, म्हणजे मेमरीत, होता, म्हणून वाचला. कंपायलरला दोष देणं मला मुळीच पटत नाही.

यादीत आरसीएक्स आणि आर११ घातले, फाइल पूर्ण भरली. मग मी त्या फंक्शनची ओळ न् ओळ वाचून काढली. उत्तर -१ आलं तरच चूक, असं तिथे गृहीत धरलेलं. -१ देऊन खरं कारण एररनो या व्हेरिएबलमध्ये ठेवणं हे सी लायब्ररीचं काम. कर्नल चूक झाली की -१ ते -४०९५ यांतला आकडा थेट हातात देतो. डिस्क भरली असती तर -२८ आलं असतं, आणि आमच्या लायब्ररीने नोंद लिहिली गेली असंच धरलं असतं. तेही त्याच संध्याकाळी बदललं.