तारीख नसलेली तीन वर्षं

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं असतं. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याचा दिवस आणि माझ्या पाळीची खूण, या तीन गोष्टी त्यावर वर्षानुवर्षं लिहिल्या जातात. माझी खूण म्हणजे चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा एक ठिपका. माझी आई बारीक फुली मारायची. तेराव्या वर्षी पाळी आली तेव्हापासून चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत, दोन बाळंतपणं सोडली तर, हा ठिपका सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांनी पडत आला. कुणाचं लग्न, गावची जत्रा, शाळेची सहल, काहीही ठरलं की आधी दारामागे जाऊन मोजायचं. बायकांचं निम्मं आयुष्य या मोजण्यात जातं, आणि ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की तारीख हरवेपर्यंत आपल्या लक्षातही येत नाही.

सुरुवातीला पाळी लवकर यायला लागली. २४ दिवसांनी, मग २२. उष्णता वाढली असेल म्हणून मी सब्जा घेतला, गुलकंद खाल्ला. पुढच्या वर्षी एकदम ४१ दिवस झाले, आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी दिवस गेल्याच्या धास्तीनं रात्रभर जागी राहिले. आमच्या गावातल्या मेडिकलवाल्याची दोन्ही मुलं माझ्या वर्गातली, त्यामुळे ह्यांनी साताऱ्याहून टेस्ट आणली. तसं काही नव्हतं. पुढे ६३ दिवस. मग १७. मग काहीच नाही.

मार्चमध्ये दहावीची परीक्षा सुरू झाली तेव्हा मला १०४ दिवस झाले होते. आता गेली, असं मी धरून चालले होते. उरलेली पॅडची पाकिटंही मुलीच्या कपाटात ठेवून दिली होती. मराठीचा पेपर, अकरा ते दोन. माझी सुपरव्हिजन होती, अंगावर लिंबाच्या रंगाची सुती साडी. साडेबारानंतर ओटीपोटात एक कळ आली आणि पुढच्या मिनिटाला अंगावरून असं काही गेलं की मी भिंतीला टेकले. पाळी सुरू होण्याची माझ्या ओळखीची रीत ही नव्हतीच. नळ सोडावा तसं ते होतं. वर्ग सोडून जाता येत नाही, खाली बसावं तर खुर्ची खराब होईल. पंचवीस मुलं मान खाली घालून लिहीत होती आणि मी पाठ भिंतीला लावून पुढच्या टोलची वाट बघत होते. पाणी द्यायला आलेल्या मावशींनी एकदा माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. एक शब्द न बोलता त्यांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातात दिला, आणि पाच मिनिटांत बदली सुपरव्हायझर बाईंना घेऊन आल्या. त्या मावशींना मी जन्मात विसरणार नाही.

ते रक्त अकरा दिवस गेलं. तासाला एक पॅड, लिंबाएवढ्या गाठी. मध्ये पंधरा दिवस बरे, मग पुन्हा नऊ दिवस. आणि हे सगळं मी अंगावर काढलं, कारण ज्या बाईला विचारावं ती सांगे, ‘या वयात असंच होतं, जाताना त्रास देऊनच जाते.’ माझी सर्वांत मोठी चूक हीच. पाळीचं अंतर बदलणं हे वयाचं असतं, ते खरं. पण तासाला पॅड भिजणं, आठवड्याच्या वर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्येच डाग पडणं, हे वयाच्या नावावर खपवायचं नसतं. त्याची तपासणी करून घ्यायची असते.

शेवटी जवळच्या एका दवाखान्यात गेले. सोनोग्राफी झाली. पाच मिनिटांत निर्णय झाला: ‘दोन मुलं झालीत ना? पिशवी काढून टाकू. पुढचा बुधवार रिकामा आहे.’ घरात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. माझ्या चुलत जावेची अडतिसाव्या वर्षी काढलेली, मावसबहिणीची चाळिसाव्या. आपल्याकडे पिशवी काढणं हे दाढ काढण्यासारखं झालंय. बीडच्या ऊसतोड बायकांची बातमी तुम्हीही वाचली असेल. २०१९ मध्ये सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. फडावरचा खाडा परवडत नाही, पाळीचा त्रास नको, म्हणून. ती बातमी वाचून मी तेव्हा हळहळले होते. आता माझ्याच हातात शस्त्रक्रियेचा कागद होता, आणि मला नक्की काय झालंय हे कुणी सांगितलेलं नव्हतं. काही जणींना ती शस्त्रक्रिया खरोखर लागते, त्यांनी करावीच. मला फक्त आधी कारण हवं होतं.

शाळेतल्या एका बाईंच्या ओळखीनं साताऱ्याच्या एका डॉक्टर बाईंकडे गेले. जाताना दोन वर्षांच्या कॅलेंडरची पानं गुंडाळून सोबत नेली. त्यांनी ती टेबलावर पसरली, पेनानं अंतरं मोजली आणि म्हणाल्या, ‘इतकं नीट लिहून कुणी आणत नाही हो.’ मग अर्धा तास प्रश्न. दिवसाला किती पॅड? गाठी केवढ्या? जिना चढताना दम लागतो? आणि एक प्रश्न असा, की मी चपापले: ‘माती, खडू, कच्चे तांदूळ, असलं काही खावंसं वाटतं का?’ तांदूळ निवडताना मूठभर तोंडात टाकायची सवय मला चार महिन्यांपासून लागली होती. ती मी कुणाला सांगितली नव्हती, ह्यांनासुद्धा नाही. लोह फार कमी झालं की असं होतं म्हणे. हिमोग्लोबिन ८.६ निघालं. बाईचं किमान १२ तरी हवं.

थायरॉइड तपासलं, गरोदरपणाची चाचणी पुन्हा केली, आतून सोनोग्राफी केली. दोन सेंटिमीटरची एक छोटी गाठ होती, ती निरुपद्रवी. अस्तर मात्र जाड होतं. डॉक्टर बाईंनी मला कागदावर काढून दाखवलं. बीजकोशातून बीज सुटलं की मग प्रोजेस्टेरॉन तयार होतं. इस्ट्रोजेन पिशवीचं अस्तर वाढवतं आणि प्रोजेस्टेरॉन त्याला लगाम घालतं. पाळी जायच्या आधीच्या वर्षांत काही महिने बीज सुटतच नाही. लगाम नाही, अस्तर वाढतच राहतं आणि मग कधीतरी एकदम ढासळतं. १०४ दिवसांचं अस्तर मराठीच्या पेपरला ढासळलं होतं. नववीच्या मुली कधी रडवेल्या होऊन येतात, ‘बाई, दोन महिने आली नव्हती आणि आज अचानक...’ त्यांचंही मूळ कारण बहुतेक वेळा हेच, फक्त त्यांचं यंत्र अजून बसायचं असतं आणि माझं आवरतं घेत होतं. त्या दिवसापासून मुलींना मी हे फळ्यावर काढून सांगते.

मी विचारलं, रक्त तपासून कधी थांबेल ते कळेल का? त्या म्हणाल्या, नाही. पंचेचाळिशीनंतर ती हार्मोनची तपासणी सहसा करत नाहीत, कारण या काळात तो आकडा आज एक आणि काही आठवड्यांनी दुसराच असतो. सलग बारा महिने पाळी आली नाही की मागे वळून म्हणायचं, ती शेवटची होती. सगळं आधी मोजून ठेवणाऱ्या माझ्यासारख्या बाईला ते ऐकणं जड गेलं.

मग अस्तराचा तुकडा तपासायला घेतला. पंचेचाळिशीनंतर असं रक्त जात असेल तर कर्करोग नाही याची खात्री करावीच लागते, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. बारीक नळी आत घालतात. तासभर आधी वेदनाशामक गोळी घेतली होती तरी एक जोरदार कळ आली, बाळंतपणातल्या सुरुवातीच्या कळेसारखी, आणि दोन मिनिटांत संपलं. रिपोर्टला लागलेले आठ दिवस त्याहून कठीण गेले. मुलांना सांगितलं नव्हतं. रात्री सगळे झोपले की मी आणि हे ओट्याशी उभे राहून चहा प्यायचो, बोलायचो मात्र भलतंच काहीतरी. नवव्या दिवशी रिपोर्ट आला. कर्करोग नाही, धोक्याचा बदल नाही. हे गाडीत बसून रडले. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

औषधांचं थोडक्यात सांगते. तीन महिने ठरावीक दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, म्हणजे अस्तर नेमानं उतरेल. फार जाईल त्या दिवसांपुरती रक्तस्राव कमी करणारी ट्रॅनेक्सामिक ॲसिडची गोळी. तीसुद्धा माझी पूर्ण माहिती विचारून दिली, कारण पूर्वी कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेल्या बाईला ती चालत नाही. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून ती आणू नका. कॉपर-टीसारखी पण हार्मोन असलेली मिरेना बसवायचाही पर्याय होता. माझ्या नणंदेनं तो पुढे घेतला आणि तिला तो मानवला. लोहाची गोळी एक दिवसाआड, लिंबूपाण्यासोबत. चहा तिच्या आसपास नाही. सकाळच्या दोन कपांतला एक मी त्यासाठी सोडला. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन ११.४ झालं. तांदूळ चघळणं त्याआधीच, कधी ते कळायच्या आत, थांबलं होतं.

रक्त आटोक्यात आलं, पण तारीख काही परत आली नाही. ती येणारही नव्हती. मग तारखेविना जगायची सोय केली. पर्समध्ये कायम एक पिशवी: रात्रीची मोठी दोन पॅड, गडद परकर, निकर, वर्तमानपत्राचे कागद, रक्तस्राव कमी करणारी ती गोळी. तशीच दुसरी शाळेच्या कपाटात. बाहेर जायचं असेल तर गडद साडी. प्रवासात बसच्या सीटवर घालायला काळा पंचा. डाग पडला तर लगेच थंड पाणी, गरम कधीच नाही. गादीवर लहान बाळासाठी घालतात तसलं रबरी कापड, त्यावर जुनी चादर. ह्यांनी ते स्वतः विकत आणून घातलं. मला त्याचं बरं वाटलं, कारण मी ते मागायला लाजत होते.

सगळ्यांत अवघड गौरी गेल्या. मी थोरली सून. आवाहनापासून विसर्जनापर्यंत तिन्ही दिवस माझ्याकडे, आणि आमच्याकडे पाळीत गौरीला शिवत नाहीत. इतकी वर्षं नक्षत्रं बघून, गरज पडली तर गोळ्या खाऊन पाळी पुढे ढकलत आले. आता ढकलायला तारीखच नव्हती, आणि डॉक्टर बाईंनी बजावलं होतं की आता त्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत. ज्येष्ठागौरी पूजनाच्या पहाटे चार वाजता, पुरण शिजत असताना, मला आली. सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘बाजूला हो.’ एवढंच. रागानं नव्हे, त्यांनी आयुष्यभर तेच केलंय. मी मागच्या खोलीत बसले आणि बाहेर सोळा भाज्यांची मिसळीची भाजी कुणी फोडणीला घालायची यावरून धाकटी जाऊ घाबरीघुबरी होऊन आत-बाहेर करत राहिली. आरतीचा आवाज येत होता. मला अपमान वाटला, दुःख झालं, आणि ते आजही आहे. त्या शिवाशिवीवर माझा विश्वास राहिलेला नाही, पण ऐंशीच्या घरातल्या सासूबाईंशी सणाच्या दिवशी भांडावं असंही मला वाटलं नाही.

दिवाळीनंतर मी धाकटीला बसवून सगळं शिकवलं. साड्या कशा नेसवायच्या, मुखवटे कसे बसवायचे, पुरणाचं प्रमाण, नैवेद्याची यादी. पुढच्या वर्षी तिनं आवाहन केलं. मला त्या वर्षी पाळी आली नव्हती, तरी मी तिलाच करू दिलं. आता गौरी माझ्यामुळे अडत नाहीत. मुलीला मात्र मी सांगून ठेवलंय: तुझ्या घरी काय करायचं ते तुझं तू ठरव.

दुसऱ्या वर्षी अंतरं दोन-तीन महिन्यांची झाली. झोप मोडायला लागली, भर डिसेंबरात मानेतून वाफ निघाल्यासारखं व्हायला लागलं. मग गेल्या वर्षी आषाढात आली ती येईनाशीच झाली. मी पुन्हा मोजायला लागले, या वेळी महिने. सहा. आठ. दहा. डॉक्टर बाईंनी एवढं बजावून ठेवलं होतं: बारा महिने पूर्ण झाल्यावर थेंबभर जरी दिसलं तरी तशीच निघून या. आणि पन्नाशीच्या आत असाल तोवर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं दिवस राहू नयेत म्हणून काळजी घ्यायची सोडू नका.

दहा महिने अकरा दिवसांनी आली. साधी, तीन दिवसांची, जुन्या काळातल्यासारखी. मी न्हाणीघरात बसून हिरमुसले. मुलगी दाराबाहेरून विचारत होती, आई, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, शून्यापासून.

आज १४३वा दिवस आहे. पर्समधली पिशवी काल उघडून पाहिली; पॅडच्या पाकिटाच्या कडा चुरगळल्या होत्या, म्हणून नवीन ठेवली.