मृत्यूच्या कारणाचा रकाना

गोव्यातल्या पेडण्यात मी गुरांचा सरकारी डॉक्टर आहे. अडलेली म्हैस, पोट फुगलेली गाय, लसीकरण, यातच दिवस जातो. मे संपता संपता वनखात्याचा फोन आला. केरीच्या वाळूवर ‘ब्लू व्हेल’ लागलाय, पोस्टमॉर्टेम करायचंय.

किनाऱ्याला लागलेला प्रत्येक देवमासा आपल्याकडे ब्लू व्हेलच असतो, बातमीतही तेच छापून येतं. खरं तर डोक्यावरून, श्वासरंध्राच्या पुढे हात फिरवला की कळतं. ब्लू व्हेलला मधोमध एकच कंगोरा असतो, इथे तीन होते. म्हणजे ब्रायडीज व्हेल. मादी, छत्तीस फूट. कुणीतरी आधीच तिला हळद-कुंकू वाहून नारळ ठेवला होता. मी तो बाजूला सरकवला आणि मगच कोयता लावला.

पोट गॅसने टम्म फुगलेलं. अशा वेळी एकदम चिरायचं नसतं. आधी बोटभर भोक पाडायचं, वाऱ्याच्या दिशेला कुणी उभं राहू द्यायचं नाही, आणि फुसफुस थांबेपर्यंत वाट पाहायची. त्यानंतर बाजूने चरबी कापली. धष्टपुष्ट जनावराच्या मानाने थर फारच पातळ होता. श्वासरंध्रामागे, जिथे मान भरलेली हवी, तिथे ओंजळभर खड्डा पडलेला. जठरात काहीच नाही. शेपटीच्या देठाभोवती दोरीचा जुना वळ. पोटाच्या चुण्यांत डांबराचे गोळे अडकलेले. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या किनाऱ्यांना लागतात ना, तेच. पण ते मेल्यावर चिकटले की आधी, हे सांगणार कसं?

अहवालात मृत्यूच्या कारणाचा रकाना एकच आहे आणि त्यात एकच कारण लिहायचं असतं. डीडीटीसारखं कीटकनाशक, पीसीबीसारखी कारखान्यांतली रसायनं, अशी विषं चरबीत साठतात. पोटभर तारले-बांगडे मिळत असतील, तर ती तिथेच पडून राहतात. उपासमार झाली की जनावर स्वतःची चरबी जाळू लागतं आणि ते विष रक्तात उतरतं, दुधातून पिलातही जातं. मग तिला भुकेने मारलं की विषाने? माझ्या लेखी तो एकच आजार आहे.

खात्री करायला चरबीचा तुकडा अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून गोठवावा लागतो. प्लास्टिकची पिशवी चालत नाही, तिच्यातलीच रसायनं नमुन्यात उतरतात. ऊतींसाठी फॉर्मेलिन लागतं. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. वरून जेसीबीवाला तासाभरात खड्डा खणून मोकळा, कारण भरती येणार आणि शनिवारचे पर्यटक वासाने पळणार. मला अर्धा दिवस हवा होता. तो कुणालाच परवडला नाही. त्या घाईचा मला आजही राग आहे.

रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारा एक म्हातारा शेवटपर्यंत थांबला होता. “पोटांत किते मेळ्ळें, दोतोर?”

“कांयच ना.”

तो समुद्राकडे बघत म्हणाला, “आमकांय तारले मेळनात, ताका खंयचे?” पर्सेसीन, म्हणजे अख्खा थवा वेढणारी मोठी जाळी, आणि मासे उजेडाने ओढून घेणारी एलईडी दिव्यांची मासेमारी यावर तो बराच वेळ बोलला. केंद्राने दिव्यांवर 2017 मध्येच बंदी घातली आहे. रात्री क्षितिजावर उजेड दिसतो तो कसला, हे त्याने मला विचारलं.

अरबी समुद्रातल्या हंपबॅक जातीच्या देवमाशांचं मला जास्त वाईट वाटतं. जगभरचे हंपबॅक ऋतूप्रमाणे हजारो मैल जातात, हे मात्र हाच समुद्र धरून राहतात आणि अगदी थोडे उरलेत. ओमानजवळ टॅग लावलेली ‘लुबान’ नावाची मादी 2017 मध्ये समुद्र ओलांडून गोव्याजवळ आली होती. इथलं खाणं संपलं तर त्यांना जायला दुसरी जागा नाही.

रकान्यात मी ‘निश्चित करता आले नाही’ लिहिलं. निष्कर्ष म्हणून ते खरंच होतं. खाली चरबीचं माप, मानेचा खड्डा, वळ, रिकामं जठर, सगळं दीड पान लिहिलं. वरच्या साहेबांनी ‘एवढं कशाला?’ विचारलं, तरी खोडलं नाही.

आता जीपमध्ये फॉइलची गुंडाळी, दोन लिटर फॉर्मेलिन आणि धार लावलेल्या तीन सुऱ्या कायम असतात. यंदा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा डॉल्फिन होते, आणि दोन्ही वेळा नमुने घेतले.