पकडणारे हात आणि पोलीस ठाणे

आमच्या ग्वाल्हेरहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, तरीही तटरक्षक दलाच्या जन्माशी या भागाचा एक धागा जोडलेला आहे. कामठीला जन्मलेले आणि चंबळच्या डाकूंच्या काळात मध्य प्रदेश पोलिसांचे प्रमुख असलेले के. एफ. रुस्तमजी 1965 मध्ये सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख झाले. त्या दलाची अकादमी इथून जवळच टेकनपूरला आहे. समुद्रमार्गे होणारी तस्करी वाढली, तेव्हा 1974 मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीतून तटरक्षक दल उभे राहिले. त्याचा कायदा 1978 चा. आयुष्याची उमेदीची वर्षे पोलिसात घालवलेल्या माणसाने समुद्रावरच्या गस्तीचा विचार केला, हे मला फार मोलाचे वाटते.

माझा भाचा तटरक्षक दलात आहे. गेल्या गणपतीत तो ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी आला असताना त्याने सांगितलेली एक गोष्ट मनातून जात नाही. संशयित नौकेवर चढल्यावर तांडेल (नौकेचा प्रमुख) आणि खलाशांना एका बाजूला बसवायचे, जागेचे अक्षांश-रेखांश आणि वेळ टिपायची, सापडलेली पाकिटे मोजून मोहोरबंद करायची, आणि हे सारे डेक हलत असताना, कागद ओला होऊ न देता. ‘‘मामा, बंदूक धरणं सोपं असतं, पंचनाम्यातली वेळ चुकली तर वकील सगळी केस उलटवतो,’’ असे तो म्हणाला. बंदरात आल्यावर माणसे आणि मुद्देमाल पोलिसांच्या किंवा संबंधित खात्याच्या हवाली होतो, आणि पुढचा तपास त्यांचा.

त्यांच्या हाती पुरेसा कायदा नसेल तर काय होते, हे ऑक्टोबर 1999 मध्ये पळवल्या गेलेल्या ‘अलोंड्रा रेनबो’ या जपानी मालकीच्या जहाजाच्या प्रकरणात दिसले. तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ने (महाराणीचे नाव वाचून ऊर भरून येतो) आणि नौदलाच्या ‘प्रहार’ने पाठलाग करून जहाज थांबवले आणि 15 चाचे मुंबईत आणले. 2003 मध्ये त्यांना शिक्षा झाली, पण चाचेगिरीचा स्वतंत्र कायदाच आपल्याकडे नव्हता, आणि 2005 मध्ये उच्च न्यायालयातून ते सुटले. जवानांनी जीव धोक्यात घालून केलेले काम असे वाया जावे, याचे मला आजही वाईट वाटते.

जमिनीवर लष्कराला बोलावण्याची रीत त्या मानाने जुनी आणि नीट आखलेली आहे. दंडाधिकारी बेकायदा जमाव पांगवण्यासाठी सैन्य मागवू शकतो, पण तो पांगवताना शक्य तितके कमी बळ वापरावे, असे बंधन फौजदारी प्रक्रिया संहितेने घातले होते आणि 2023 च्या नागरिक सुरक्षा संहितेनेही ते कायम ठेवले आहे. रोजची पोलीसगिरी सैनिकाकडे देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. शत्रूशी लढण्यासाठी घडवलेल्या माणसाला आपल्याच लोकांसमोर वारंवार उभे करणे त्याच्यावरही अन्याय आहे.

समुद्रावरची उणीव मात्र 2022 च्या सागरी चाचेगिरीविरोधी कायद्याने बरीच भरून निघाली. मार्च 2024 मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ‘रुएन’ जहाजावरचे 35 सोमाली चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले, तेव्हा कारवाईसाठी पोलिसांच्या हाती हा कायदा होता.